पाणी पिणारा खडा

नाताळच्या सुट्टीत आमच्या शाळेतले मास्तर आग्र्याला जातात, नाहीतर घरी पडून झोपा काढतात. मी महाडला निघालो आहे हे कळल्यावर शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. ग्वाल्हेरहून उठून कोणी महाडला जातं का? तिथे बघण्यासारखं आहे तरी काय, असं आमच्या संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी विचारलं. मी म्हटलं, "दगड." सगळे पुन्हा हसले, कारण मी सृष्टिविज्ञान शिकवतो आणि माझ्या टेबलाचा खण दगडांनी भरलेला असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी थट्टा करत नव्हतो. एका दगडासाठीच निघालो होतो, आणि तो आधीच माझ्या खिशात होता.

दगड कसला, खडाच. सुपारीपेक्षा जरा मोठा, तांबूस, मध्ये एक फिकट पट्टा. तो आईचा. पानाच्या बटव्यात सुपारीबरोबर असायचा, आणि दुपारी काम आटोपलं की ती तो बाहेर काढून अंगठ्याने चोळत बसायची. "माझ्या माहेरचा आहे," एवढंच सांगायची. लहानपणी मी अंगणातले तसलेच दहा-बारा खडे गोळा करून त्यांत तिचा मिसळून देत असे. ती डोळे मिटून हात फिरवायची आणि आपला नेमका उचलायची. कधी चुकली नाही. गेल्या श्रावणात ती गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "कधी गेलास तर पोचव हो." कुठे, कोणाकडे, हे विचारेपर्यंत तिचा डोळा लागला होता.

आता माझी अडचण सांगतो. आईचं माहेर पोलादपूरच्या पुढे डोंगरात, उंबरवाडीला. आजोबा ग्वाल्हेरच्या पलटणीत चाकरी करून गावी परतले, आणि पलटणीतल्याच एका गाववाल्याच्या मुलाला त्यांनी मुलगी दिली. तशी ती सावित्रीच्या खोऱ्यातून आमच्या उत्तरेत आली आणि पुन्हा कधी गेली नाही. आधी आमची बाळंतपणं, मग प्लेग, मग आजोबा वारले, मामा मुंबईला गेला तो तिकडेच संपला. "आता जायचं कोणाकडे?" असं ती म्हणायची, आणि खडा चोळायची.

पण हा खडा वाळूच्या दगडाचा आहे. तो ओळखायला पंडित लागत नाही. उन्हात धरला की कण चमकतात, जसे जुन्या गुळाच्या ढेपेत साखरेचे रवे. दोन तुकडे एकमेकांवर घासले तर बारीक वाळू झडते. वर पाण्याचा थेंब टाकला तर ओघळत नाही, आत जिरतो. अंगावर पट्टे असतात, कारण कुठल्यातरी जुन्या पाण्याच्या तळाशी वाळू थरावर थर बसली, दबली, तिचा दगड झाला. मग तो दगड फुटला, नदीने त्याला लोळवून गोल केला, आणि अखेर त्याची पुन्हा वाळूच व्हायची आहे. आमच्या ग्वाल्हेरचा किल्ला त्याच दगडावर, घरं त्याचीच, जिने त्याचेच. उलट महाड-पोलादपूरचा सगळा मुलूख काळ्या फत्तराचा, जमिनीतून उसळलेला रस थिजून झालेला. तिथे नदीत वाळूचा दगड सापडणं म्हणजे आंब्याला फणस लागणं.

मग आईने जन्मभर ज्याला माहेर म्हणून उराशी धरलं तो आमच्याच अंगणातला एखादा खडा होता का? माहेरच्या ओढीने तिने मनाची समजूत घातली होती का? हा विचार आला की मला जेवण जात नसे. पुस्तकांत उत्तर मिळेना, म्हणून निघालो.

दासगाव

मुंबईहून आगबोटीने बाणकोट आणि तिथून भरतीबरोबर मचव्याने खाडीतून वर. आगबोटीत माझी जी अवस्था झाली ती सांगण्यासारखी नाही. शेजारच्या बाईने लिंबू हुंगायला दिलं आणि "पैल्यांदाच काय?" असं विचारलं, त्यावरून काय ते समजा.

खाडीत शिरल्यावर मात्र जिवात जीव आला. दोन्ही काठांना हिरवे डोंगर, पाणी संथ, आणि वळणावळणावर एकेक गाव पाण्यात पाय सोडून बसलेलं. आमच्याकडे नदी म्हणजे उन्हाळ्यात रेती आणि पावसात पूर. इथे समुद्र दिवसातून दोनदा माणसासारखा घरी येतो नि परत जातो. आईने हे कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, कोण जाणे.

दासगावच्या धक्क्यावर उतरलो आणि पहिलाच धक्का बसला. समोरच्या घराचं जोतं लालभडक दगडाचं! मी पिशवी टाकून त्याच्याकडे धावलो. जवळून पाहिलं तर जांभा. वारुळासारखी भोकं, मातकट अंग, वाळूचा कण नाही. घरमालक पडवीत उभा राहून माझ्याकडे संशयाने पाहत होता. मी त्याच्या भिंतीला नख लावत होतो, त्याचं तरी काय चुकलं! पण माणूस भला निघाला. त्याने मला जेवू घालूनच सोडलं: तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या बोयट माशांचं झणझणीत कालवण. गव्हाच्या पोळीवर वाढलेल्या जिभेला भाकरी फिकी लागेल असं वाटलं होतं. तीन खाल्ल्या.

महाड

महाडात एका खाणावळीत मुक्काम केला. बाजारपेठ भरलेली, घाटावरून बैलांचे तांडे आलेले, सगळीकडे तांदूळ आणि सुक्या मासळीचा वास. इथले शिकलेले लोक पुण्याच्या थाटात बोलतात, आणि माझं ग्वाल्हेरी मराठी ऐकून "आपण कोणीकडचे?" असं तोंड भरून विचारतात.

संध्याकाळी चवदार तळ्यावर गेलो. पायऱ्यांचा दगड काळा, घट्ट. ओंजळभर पाणी टाकलं तर मोत्यासारखं घरंगळत खाली गेलं. मी वाकून ते पाहत होतो, तेवढ्यात मागून एका गृहस्थाने माझी जात विचारली. नाव नंतर विचारलं. या पाण्यावरून गावात काय झालं ते आमच्याकडच्या वर्तमानपत्रांतही आलं होतं, आणि ते अजून निवलं नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी जात सांगितली नाही. दगड बघतोय म्हटलं. त्याने मला वेड्यात काढलं आणि निघून गेला. मला मात्र त्या शांत पाण्याकडे बघून फार उदास वाटलं. तहानेच्या आधी माणूस कोण हे ठरवायचं, अशी आपली रीत. रात्री खाणावळीत वालाचं बिरडं सुंदर होतं, पण मी पानावरून अर्धवटच उठलो.

पोलादपूर

दुसऱ्या दिवशी मोटारीने पोलादपूर. चाक दोनदा पंक्चर झालं आणि दोन्ही वेळा उतारूंपैकीच कोणीतरी ड्रायव्हरला शहाणपण शिकवलं. पोचलो तो थेट नदीत उतरलो.

हीच आईची सावित्री. डोंगर अगदी अंगावर आलेले, पाणी घोट्याएवढं, स्वच्छ, आणि पात्रभर गोटे. असे गोटे मी जन्मात पाहिले नव्हते: काळे, निळसर, कोंबडीच्या अंड्यापासून कलिंगडापर्यंत. काहींच्या पोटात पांढऱ्या गारा. मी धोतर खोचून एकेक उचलू लागलो. पाण्याचा थेंब टाकायचा, घरंगळला की खाली ठेवायचा. सगळे घरंगळले. खरं सांगू? प्रत्येक गोट्याबरोबर आई माझ्यापासून जराजरा लांब जात होती.

आणि मग पाण्यात लाल काही दिसलं. गोल, चपटं, तांबडं. उचललं, थेंब टाकला, जिरला! मी मोठ्याने ओरडलो असेन, कारण पलीकडे बैल धूत असलेला माणूस दचकून उभा राहिला. घाईघाईने उन्हात धरून पाहिलं. कण चमकेनात. घासलं तर वाळूऐवजी लाल पीठ निघालं. तेवढ्यात तो माणूस पाण्यातून चालत जवळ आला.

"काय गावलं?" त्याने विचारलं.

मी हात पुढे केला. त्याने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फार हळू आवाजात, जसं आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "साहेब, ह्ये कौल हाय. मंगलोरी. वरच्या बंगल्याचं छप्पर पुरात व्हावलं होतं, त्याचं."

मी ते कौल हातात घेऊन पाण्यातच बसलो. धोतर भिजलं. मग मला हसू आलं आणि तोही हसला. नाव विचारलं तर धोंडू. मी म्हटलं, बाबा, सकाळपासून मी तुझेच भाऊबंद तपासतोय. धोंडू मुंबईला गोदीत कामाला, भात झोडपायला महिनाभर गावी आलेला. "डूटीवर परत जायला अजून आठ-पंधरा रोज हायेत," म्हणाला. गाव विचारलं. उंबरवाडी.

उंबरवाडी

वाट चढणीची. धोंडू पुढे, बैल मधे आणि मी मागे, धापा टाकत. वाटेत मी आजोबांचं, पलटणीतल्या हवालदारांचं घर विचारलं. "ते कवाच पडलं," धोंडू म्हणाला. "नुसतं जोतं हाय. त्येवर आमी भोपळा चढवलाय." आईचं नाव सांगितलं, सुभद्राबाई. त्याने मान हलवली. "आसं कोन नाय आमच्यात."

वाडीत दहा-बारा घरं, गवताने शाकारलेली, अंगणं सारवलेली. भोपळ्याच्या वेलाखाली मला आजोळ दाखवण्यात आलं. काळ्या दगडांची एक चौकट, त्यात शेळी बांधलेली. मी खिशातला खडा मुठीत धरून थोडा वेळ उभा राहिलो. इथेच कुठेतरी ठेवून परतावं असं वाटलं. पण कोणाकडे पोचवायचा हे ती बोलली नव्हती, आणि शेळीकडे पोचवायचा नक्कीच नव्हता.

"चला, जेवून घ्या. आय वालाच्या शेतावर गेलीय, येईल इतक्यात," धोंडू म्हणाला. त्याच्या बायकोने नाचणीच्या भाकऱ्या थापायला घेतल्या. धोंडूने आंघोळ केली आणि पूजेला बसला. घरचा पुरुष गावी असला की पूजा त्याची. देव्हारा म्हणजे भिंतीतला एक कोनाडा. त्यात चांदीचे दोन टाक, एक नारळ, आणि एका ओळीत चार गोल खडे, हळदीकुंकवाने माखलेले. धोंडूने पळीने पाणी घातलं. टाकांवरचं पाणी खाली आलं. खड्यांवरचं आलं नाही.

मी पुढे सरकलो. "पुन्हा घाल पाहू."

धोंडूला अभिमान वाटला. "बगितलंत? ह्ये आमचे देव पानी पितात. जागृत हायेत. आय लगीन होऊन या घरात आली तवा पदरात घेऊन आली." त्याने पुन्हा पळीभर पाणी घातलं. कुंकू धुतलं गेलं आणि खालून तांबूस अंग दिसलं, फिकट पट्ट्यांचं. कोनाड्यातल्या तेवढ्या उजेडातही कण चमकले.

मी खिशातून आईचा खडा काढून त्या ओळीच्या शेवटी ठेवला आणि एक थेंब सोडला. प्यायला.

"अगो बया!" धोंडूची बायको भाकरी तव्यावर तशीच टाकून उठली. "पावन्यांकडं पन देव?"

एवढ्यात दारात सावली पडली. धोंडूची आई, भागी, डोक्यावरची हिरव्या वालाच्या शेंगांची पाटी उतरवत होती. साठीची बाई, वाळून काटक झालेली. तिने कोनाड्याकडे पाहिलं. चार असायच्या ठिकाणी पाच. ती आली, माझ्याकडे न बघता शेवटचा खडा उचलला, आणि अंगठा त्यावरून फिरवला, अगदी आई फिरवायची तसा.

"ठकीचा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ठकी कुटं हाय?"

मी ठकी नावाच्या कोणाला ओळखत नव्हतो. क्षणभर गोंधळलो. मग उमगलं. लग्नात सासरचं नाव मिळतं, आणि माहेरचं उंबऱ्याबाहेर राहतं. आईचं माहेरचं नाव मी बेचाळीस वर्षांचा होऊन प्रथमच ऐकत होतो.

"मी तिचा मुलगा," मी म्हटलं. "मावशी, ती श्रावणात गेली."

भागीमावशी मटकन खाली बसली. आई गेली तेव्हा बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत मी धड रडलो नव्हतो. इथे, अनोळखी घरात, वालाच्या शेंगांच्या पाटीशेजारी बसून पोटभर रडलो. भाकरी करपली ती धोंडूने उतरवली.

मग मावशीने सांगितलं. त्या दोघी सख्या. ठकीच्या बापाने पलटणीतून येताना तिकडच्या नदीतले पाच खडे आणले, पोरींना खेळायला. "आमच्या नदीतले काळे खडे जड रे बाबा, नि गुळगुळीत. झेलताना निसटतात, नायतर बोटं फोडतात. ह्ये हलके, हाताला धरून ऱ्हातात. साऱ्या वाडीत असे खडे नव्हते. आमी दोघी पाटलीनीसारख्या मिरवायचो!"

आणि वाडीची एक रीत होती. पोरगी लग्न होऊन निघाली की खेळ मोडायचा नाही. शेवटचा डाव अर्धा ठेवायचा. एक खडा तिने सासरी न्यायचा, चार सखीने ठेवायचे. पहिल्या सणाला ती माहेरी आली की डाव पुरा करायचा. अर्धा डाव पोरीला ओढून आणतो, असं बायका म्हणत. सगळ्यांचे डाव पुरे झाले. भागीचं लग्न वाडीतच झालं, तिला कुठे जायचंच नव्हतं, म्हणून ठकीचे चार तिच्याकडे राहिले. आणि ठकी आली नाही.

"म्हंजे आये, ह्ये देव नायत?" धोंडू कोनाड्यासमोर अजून हात जोडून उभा होता.

"कोनाड्यात ठेवले म्हनून ऱ्हायले रे," मावशी म्हणाली. "नायतर तुमी पोरांनी गोफनीत घालून कवाच कावळ्यांवर फेकले असते. पयलं कुंकू तुज्या आजीनं लावलं, देव समजून. मी गप ऱ्हायले. आनी देव नाय कसे? मी रोज हात जोडून मागितलं, ठकीला येऊ दे."

मी कपाळावर हात मारला. आजोबांनी आमच्या ग्वाल्हेरकडच्या नदीतून खडे इथे आणले. आईने त्यातला एक माहेर म्हणून परत आमच्याकडे नेला. दगड जन्माला कुठे आला हे मी विचारत बसलो होतो, आणि तो कुठे खेळला हे आई सांगत होती. ती खोटं बोलली नव्हती, आणि तिला भ्रमही झाला नव्हता. केवढा भार उतरला म्हणून सांगू!

जेवण झाल्यावर मावशी अंगणात आली आणि पाचही खडे सारवलेल्या जमिनीवर टाकले. "बस," म्हणाली. तिची बोटं वाकडी झालेली, पण खडा वर उडाला की हात पाखरासारखा खाली जाऊन परत यायचा. एक उचलला. दोन उचलले. तीन. तिसऱ्याला एक निसटला तेव्हा मला दटावून म्हणाली, "तू नजर लावतोस." अंगणात सगळी वाडी जमली होती. चार एकदम उचलायचे, पाचवा झेलायचा, की डाव पुरा. तिने खडा हवेत उडवण्यासाठी हात उचलला, आणि तसाच धरून राहिली.

"नको," ती म्हणाली. "पुरा केला तर मग कोन येनार?"

तिने आईचा खडा पदराने पुसला आणि कोनाड्यात नेऊन ओळीत ठेवला. मग उरलेल्या चारांतला एक, कुंकवाने अर्धा लाल झालेला, माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली. धोंडूच्या बायकोला राहवलं नाही. "आत्या, घरातला देव द्येता?" मावशी म्हणाली, "द्येत नाय गो. बदलला. एक घरी आला, एक त्याच्यासंगं चाललाय. तो परत आनील त्याला."

सांक नदी

घरी येऊन महिना झाला. शास्त्रीबुवांनी विचारलं, "दगड मिळाला का?" मी म्हटलं, मिळाला, आणि दिलाही.

गेल्या रविवारी फिरत फिरत सांक नदीवर गेलो. बहुधा इथूनच आजोबांनी ते पाच उचलले असतील. पात्रभर तांबडे खडे, हजारोंनी, कण चमकणारे, पट्ट्यांचे. मी मावशीचा खडा खिशातून काढला. कुंकू आता जवळजवळ गेलं आहे. म्हटलं, बघू तरी, याला त्याच्या भावंडांत ठेवून. वाकलो, आणि हात आखडता घेतला. वाळूचा दगड मी अंधारातही ओळखीन. पण या हजारांतून हा एक डोळे मिटून उचलायचा तर आईचा अंगठा पाहिजे, आणि माझा अजून तेवढा झिजलेला नाही.

खडा पुन्हा खिशात टाकला आणि चोळत चोळत घरी आलो. पावसाळ्यात आगबोटी बंद होतात. त्याआधी उंबरवाडीला जायचं आहे. मावशी वाट बघते आहे, आणि डाव अर्धा आहे.